चार पैकी चौथं पान

"फुकट आहे ना? मग तिन्ही घ्या की," धुमाळ वकील म्हणाले आणि त्यांनी भज्यांची ताटली स्वतःकडे ओढली.

"साहेब, तिन्ही ठेवायची नाहीत. तिन्हींची परीक्षा घ्यायची आणि एक निवडायचं." डॉक्टर ओतारी दातांचे डॉक्टर होते. तोंड भरलेल्या माणसाशी बोलायची त्यांना सवय होती. "आपण बोलायचं, मशीन लिहून घेणार. मराठीत. विचारलं तर उत्तर देणार, सांगितलं तर आठवण करून देणार. कंपन्यांची मशीनं दरमहा भाडं मागतात आणि आपलं बोलणं कुठल्या कुठं पाठवतात. ही मुक्त स्रोत आहेत. म्हणजे बनवणाऱ्यांनी कुंडली उघडी ठेवलीय, कुणीही घ्यावी, तपासावी. आपलं बोलणं आपल्याच कॉम्प्युटरमध्ये राहणार. कपाटाबाहेर जाणार नाही."

"कपाटाबाहेर जायला नको," वकीलसाहेब म्हणाले. "ते महत्त्वाचं."

कोषाध्यक्ष गुळवणींनी डोळे न उघडता विचारलं, "चहा आला का?"

सरस्वती-विलास वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची ती तातडीची सभा होती आणि ती माझ्या उजव्या हातासाठी बोलावली होती. आमचं गाव विट्यापासून दहा मैलांवर. गावात दोन गोष्टी जुन्या, एक वेस आणि दुसरं हे वाचनालय. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला आणि वाचनालयाचा बावीस वर्षं कार्यवाह. जानेवारीच्या अखेरीस वरच्या फळीवरून नकाशांचा एक जुना संग्रह काढताना मी शिडीवरून खाली आलो आणि मनगट मोडलं. संग्रहाला काही झालं नाही. हात सहा-सात आठवडे प्लास्टरमध्ये राहणार होता, आणि मंडळात नऊ शिकलेली माणसं असूनही सभेचं इतिवृत्त दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नव्हतं.

यात अतिशयोक्ती नाही. इतिवृत्त लिहिणं म्हणजे सभेत काय झालं ते लिहिणं, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं लिहिलं असतं तर आमची संस्था केव्हाच बंद पडली असती. एका वर्षी मासिकांच्या खरेदीवरून दोन सभासदांनी एकमेकांच्या टोप्या अंगणात फेकल्या होत्या. मी लिहिलं, "मासिकांबाबत सदस्यांनी मौलिक सूचना केल्या. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली." पुढच्या सभेत ते वाचून मंजूर झालं. टोपीवाल्या दोघांनीही माना डोलावल्या, आणि पुढे त्यांनाही ते तसंच आठवू लागलं.

आमची एक पद्धत होती. सभा संपली, सगळे गेले, की अध्यक्ष धुमाळ वकील आणि मी मागे राहायचो. दोघांसाठी वेगळा चहा यायचा आणि तो घेता घेता आम्ही इतिवृत्त बसवायचो. सभेतलं काय लिहायचं, काय नाही, हे चहाला ठरायचं. वकीलसाहेब सभेत फार उदार बोलत. ते बोलणं चहाबरोबर ओसरायचं, आणि उरेल ते मी सुवाच्य अक्षरात लिहायचो.

खरं तर इतिवृत्त लिहू शकेल असं एक माणूस वाचनालयात होतं. आमच्या ग्रंथपाल रत्नप्रभा पिसाळ. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मी आता मान्य करतो. पण नोकरांनी सभेत बसायचं नाही असा संस्थेचा संकेत होता. पिसाळबाई सभेच्या वेळी दाराबाहेर स्टुलावर बसायच्या आणि आतून हाक आली की चहा आणायच्या.

बाई तेरा वर्षं तात्पुरत्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचे यंत्रमाग बंद पडले होते आणि घर त्यांच्या या तात्पुरत्या नोकरीवर चाललं होतं. संस्थेचा नियम असा की त्रेचाळीस वर्षं पूर्ण झालेल्याला सेवेत कायम करता येत नाही. दोन एप्रिलला बाई त्रेचाळीस पूर्ण करणार होत्या. त्याआधी ठराव झाला तर झाला. नाहीतर संस्थेने कधीही जाहिरात द्यावी, दुसऱ्या कुणाला घ्यावं आणि बाईंनी घरी जावं.

हे मंडळातल्या प्रत्येकाला माहीत होतं. दर फेब्रुवारीच्या सभेत तो विषय असायचाच. दर वेळी वकीलसाहेब उभे राहून म्हणायचे, यंदा बाईंना कायम करून टाकू. टाळ्या व्हायच्या. त्या बाहेर स्टुलावर ऐकू जायच्या. पहिल्या वर्षी बाईंनी दुसऱ्या दिवशी पेढे आणले होते. दुसऱ्या वर्षी साखर आणली. तिसऱ्या वर्षापासून काही आणलं नाही.

तर मशीनं.

डॉक्टरांनी तीन आणली. पहिलं वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर बसवलं, दुसरं आपल्या लॅपटॉपवर, तिसरं एका जुन्या मोबाइलवर. तिघांना लांबलचक इंग्रजी नावं होती, ती कुणाच्या लक्षात राहिनात. मग पहिलं, दुसरं, तिसरं हीच नावं पडली. मंडळाला नेमणुका करायची एकच रीत ठाऊक होती. त्यामुळे "उमेदवारांची मुलाखत घेण्यात यावी" असा ठराव झाला. हा ठराव मी तोंडी सांगितला आणि डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून घेतला. तो अजून कुणाला वाचता आलेला नाही.

पहिलं मशीन नुसतं लिहून घ्यायचं. जे बोलाल ते, जितक्या वेळा बोलाल तितक्या वेळा. माणसांची नावं त्याला कळायची नाहीत, म्हणून वक्ता एक, वक्ता दोन असं लिहायचं. दुसरं लिहायचं आणि बोलायचंही. फार नम्र होतं. वकीलसाहेबांनी त्याला विचारलं, "तुला काय काय येतं?" तर ते म्हणालं, "खूप छान प्रश्न विचारलात," आणि पुढे सहा मिनिटं थांबलं नाही. गुळवणींनी प्रथमच पूर्ण डोळे उघडून बघितलं. तिसरं सगळ्यांत हुशार. त्याला आपल्या जुन्या इतिवृत्तांचे नमुने दिले, की ते त्याच वळणाचं इतिवृत्त तयार करून द्यायचं.

"म्हणजे शेणोलीकर सरांसारखं लिहील?" वकीलसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"हुबेहूब," डॉक्टर म्हणाले. "फक्त आधी त्याला सरांची इतिवृत्तं वाचून दाखवायला लागतील. हाताचं अक्षर त्याला लागत नाही."

ते काम पिसाळबाईंकडे आलं. शेवटच्या तेरा वर्षांच्या वह्या बाईंच्या टेबलावर आल्या. दुपारी वाचनालय बंद असायचं तेव्हा बाई तो मोबाइल समोर ठेवून मोठ्याने वाचायच्या. मी शेजारच्या खोलीत डाव्या हाताने वर्तमानपत्रं लावत बसायचो. बाईंचा आवाज सरळ होता. चढ नाही, उतार नाही.

"विषय क्रमांक सात. ग्रंथपाल श्रीमती पिसाळ यांना सेवेत कायम करण्याबाबत. विषयावर सविस्तर चर्चा झाली. सदर विषय पुढील सभेत घेण्याचे सर्वानुमते ठरले."

चौथ्या की पाचव्या दिवशी बाई वही घेऊन माझ्याकडे आल्या.

"सर, एक विचारायचं होतं. हे पान मी काल वाचलंय असं वाटतंय. दोनदा वाचलं तर मशीनचा गोंधळ होईल ना?"

मी पान बघितलं. वरची तारीख बघितली.

"नाही, बाई. हे वेगळ्या वर्षाचं आहे."

"बरं सर," म्हणाल्या आणि परत गेल्या. थोड्या वेळाने पुन्हा आवाज सुरू झाला. विषय क्रमांक सात. मी वर्तमानपत्रं उचलून अंगणात जाऊन बसलो. ऊन होतं, पण बसलो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मुलाखतीची सभा झाली. टेबलावर फुलदाणीच्या एका बाजूला कॉम्प्युटरचा माइक, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप, मध्ये मोबाइल. मशीनं ऐकतायत म्हटल्यावर सगळे जरा सावरून बसले. गुळवणी इस्त्रीचा सदरा घालून आले होते. दुसऱ्या मशीनला दहाव्या मिनिटाला बंद करावं लागलं, कारण मी "विषय क्रमांक दोन" म्हणताच ते त्या विषयावर आपलं मत देऊ लागलं. "आपल्याकडं मतं द्यायला माणसं हायत," वकीलसाहेब म्हणाले. ते मशीन तिथेच नापास झालं.

विषय क्रमांक सात आला तेव्हा वकीलसाहेब उभे राहिले. माइककडे बघून त्यांनी कोट सारखा केला आणि कोर्टात लागायचा तसा आवाज लावला.

"तेरा वर्षं ही बाई इथं राबतीय. ऊन म्हणली न्हाई, आजार म्हणली न्हाई. हा धुमाळ अध्यक्ष असेपर्यंत तिच्यावर अन्याय होणार नाही. लिहून घ्या ठराव. श्रीमती रत्नप्रभा पिसाळ यांना आजपासून ग्रंथपाल म्हणून सेवेत कायम करण्यात येत आहे."

"अनुमोदन," गुळवणी म्हणाले. "चहा आला का?"

टाळ्या झाल्या. नेहमीपेक्षा जास्त झाल्या. बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला नाही.

सभा संपली. डॉक्टर आपला लॅपटॉप आणि मोबाइल पिशवीत घालून दवाखान्यात गेले, कुणाची तरी दाढ काढायची होती. बाकीचेही गेले. वकीलसाहेब आणि मी राहिलो. बाईंनी चहा आणून ठेवला आणि दार ओढून घेतलं.

यानंतरचा संवाद मी आजवर इतक्या लोकांना सांगितला आहे की मला तो तोंडपाठ आहे.

वकीलसाहेब म्हणाले, "शेणोलीकर, ते बाईंचं आत्ता लिहू नका. पुढच्या सभेत घ्या."

मी म्हणालो, "साहेब, दोन एप्रिलला बाईंची त्रेचाळीस पूर्ण होतात. मग काहीच करता येणार नाही."

"मला ठाऊक हाय. सूनबाईंचा कोर्स मे महिन्यात संपतोय. ग्रंथालयाचाच कोर्स हाय."

"हे बरोबर नाही, साहेब."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "बरोबर काय अन् चूक काय, ते कोर्टात. हितं चहा घ्या."

मग मी गप्प बसलो. त्या माणसापुढे त्याहून जास्त बोलणारा माणूस आमच्या गावात तरी नव्हता.

दोन दिवसांनी बाईंनी दोन मशीनांचे छापील कागद माझ्यापुढे ठेवले. पहिल्याचे तीन-चार कागद गच्च भरलेले होते. पहिलं पान बघितलं. त्यावर "चहा आला का" हे वाक्य तीनदा होतं आणि त्याशिवाय फारसं काही नव्हतं. मी ते बाजूला ठेवलं.

तिसऱ्याचा एकच कागद होता. वाचायला लागलो आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. माझीच वाक्यं, माझीच वळणं. "सदर", "सर्वानुमते", "मौलिक". सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली होती. मी मेल्यावरही माझं काही राहणार, असं त्या क्षणी वाटून गेलं. मग विषय क्रमांक सातवर आलो.

"विषयावर सविस्तर चर्चा झाली. सदर विषय पुढील सभेत घेण्याचे सर्वानुमते ठरले."

मी चष्मा काढून पुसला, डाव्या हाताने जमेल तसा. तो मोबाइल डॉक्टरांच्या पिशवीत चहाच्या आधीच गेला होता. त्याने वकीलसाहेबांचा ठराव ऐकला होता, टाळ्या ऐकल्या होत्या, आणि त्यापुढचं काहीच ऐकलं नव्हतं. पण तेरा वर्षांत विषय क्रमांक सातचं काय होतं, हे त्याला शिकवलं गेलं होतं. ते माझ्याकडून शिकलं होतं. बाईंच्या आवाजात, पण माझ्याकडून. मला लाज वाटली.

बाई समोर उभ्या होत्या. त्यांनी ते वाचलेलं असणार, छापलं त्यांनीच होतं.

"कुठलं फाईलला लावू, सर?"

मी म्हणालो, "तिसऱ्याचं लावा. पुढच्या सभेत वाचायला तेच बरं पडेल."

"बरं सर."

मार्चच्या तिसऱ्या रविवारी सभा भरली. बाईंचे पंधरा दिवस उरले होते. त्या दिवशी बाई आत होत्या, कारण पहिलं मशीन चालू कसं करायचं ते डॉक्टरांनी फक्त त्यांना दाखवलं होतं. कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढे त्या पाठ ताठ करून बसल्या. आत बसायला परवानगी देण्याचा वेगळा ठराव करावा का, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी त्या कॉम्प्युटरचा भाग आहेत असं धरून चालायचं ठरलं.

विषय क्रमांक एक नेहमीचा. मागील सभेचं इतिवृत्त वाचून मंजूर करणे. आमच्याकडे या विषयाला भजी खातात. कार्यवाहाने वाचायचं, बाकीच्यांनी खायचं, आणि वाचन थांबलं की मंजूर म्हणायचं. मी फाईल उघडली आणि वाचायला सुरुवात केली.

"वक्ता एक. चला, बसून घ्या. गुळवणी, जागे हाय का? वक्ता चार. चहा आला का?"

मी थांबलो. हे तिसऱ्याचं नव्हतं. फाईलमध्ये पहिल्याचे कागद होते. मी कोपऱ्याकडे बघितलं. बाई पडद्याकडे बघत होत्या.

त्या वेळी मला काय करता आलं असतं ते मी नीट जाणतो. "चुकून दुसरा कागद आलाय" एवढं म्हणायचं होतं. तिसऱ्याचा कागद त्याच फाईलमध्ये मागे असणार. पण खोलीत काहीतरी वेगळं झालं होतं. कुणी खात नव्हतं. गुळवणींच्या हातात भजं तसंच होतं आणि ते विचारत होते, "हे मी म्हणालो?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "वक्ता चार तुम्ही."

"पुढं वाचा," गुळवणी म्हणाले.

बावीस वर्षांत मला "पुढं वाचा" असं कुणीही म्हटलं नव्हतं. मी पुढं वाचलं. प्रत्येक जण आपल्या वाक्याची वाट बघत होता आणि आपलं वाक्य आलं की शेजाऱ्याकडे बघत होता. एका सभासदाने वाळवीबद्दल जे सांगितलं होतं ते ऐकून तो स्वतःच म्हणाला, मुद्दा बरोबर होता माझा. वकीलसाहेब खुर्चीत मागे टेकून ऐकत होते. वक्ता एक म्हणजे आपण, हे त्यांना आवडलेलं दिसत होतं. तिसऱ्या पानावर काय येणार हे त्या खोलीत दोनच माणसांना आधी कळलं होतं, आणि त्यातलं एक कॉम्प्युटरचा भाग होतं.

तिसरं पान आलं. मी वाचलं. तेरा वर्षं ही बाई इथं राबतीय, इथपासून कायम करण्यात येत आहे, इथपर्यंत. सगळं वाचलं. गुळवणींचं अनुमोदनही वाचलं.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या, स्वतःला ऐकून माणसं खूश होती.

"मंजूर," डॉक्टर म्हणाले. "आणि निवडही झालीच की, साहेब. ज्याचं इतिवृत्त मंजूर, ते मशीन."

"मंजूर," गुळवणी म्हणाले, आणि चहाचं काही विचारलं नाही.

वकीलसाहेब वाजवत नव्हते. त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिले. त्यांनी तिसरं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. आयुष्यभर कागद वाचलेला माणूस, नजर अगदी तळाशी गेली. तिथे मशीनने बारीक अक्षरात छापलं होतं, चार पैकी तीन.

"चौथं पान कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. मी तसं म्हणणार होतो, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. चढ नाही, उतार नाही.

"चौथ्या पानावर चहाचं आहे, साहेब. सभा संपल्यावर मशीन बंद करायचं राहिलं होतं. वाचायचं का?"

वकीलसाहेबांनी बाईंकडे बघितलं. मला वाटतं, तेरा वर्षांत त्यांनी बाईंकडे पहिल्यांदा बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी भज्यांकडे बघितलं.

"चहाचं काय वाचायचं," ते म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं, तिसऱ्या पानावर सही केली, तारीख घातली आणि म्हणाले, "बोललोय म्हटल्यावर बोललोय. विषय क्रमांक दोन."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेढे आणले. मला दोन दिले.

एवढी ही गोष्ट. पुढे सात वर्षं मी कार्यवाह राहिलो. ठरावानंतर वकीलसाहेब चहाला थांबेनासे झाले, आणि दोन वर्षांपूर्वी ते गेलेही. सूनबाईंनी कोर्स अर्धवट सोडून ब्युटी पार्लर काढलं, ते चांगलं चालतं. पहिलं मशीन अजून आहे, त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या डॉक्टर फुकट आणून बसवतात. आमच्या सभा आता लवकर संपतात, लोक मोजून बोलतात. आणि मी ही हकीकत लग्नाकार्यांत, शाळेच्या मेळाव्यात, जमेल तिथे सांगत आलो. अध्यक्षांना तोंडावर "हे बरोबर नाही" म्हणणारा मी आणि भर सभेत ते पान वाचणारा मी. ऐकणारे मान हलवायचे. एका माजी विद्यार्थ्याने तर पाया पडून नमस्कार केला.

परवा मी कार्यवाहपद सोडलं. निरोपाचा छोटा समारंभ झाला, शाल मिळाली. सगळे गेल्यावर मी कपाटाच्या किल्ल्या द्यायला बाईंच्या टेबलाशी गेलो. त्यांचे केस आता बरेच पांढरे झाले आहेत. त्यांनी किल्ल्या घेतल्या, ड्रॉवर उघडला आणि एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं.

"सर, हे फाईलला लावायचं राहिलं होतं."

आत एक कागद होता, घडीवर पिवळा पडलेला. तळाशी बारीक अक्षरात, चार पैकी चार.

वक्ता सहा: चहा ठेवते, साहेब.

वक्ता एक: ठेवा, बाई. दार लावून घ्या.

वक्ता एक: शेणोलीकर, ते बाईंचं आत्ता लिहू नका. पुढच्या सभेत घ्या.

वक्ता दोन: बरं साहेब.

वक्ता एक: सूनबाईंचा कोर्स मे महिन्यात संपतोय. ग्रंथालयाचाच कोर्स हाय.

वक्ता दोन: अरे वा. अभिनंदन.

वक्ता एक: हाताला कसं हाय?

वक्ता दोन: आतून खाज सुटते फार.

शांतता, चाळीस सेकंद.

वक्ता दोन: बिस्किट घेता?

मी पान उलटं करून बघितलं. मागे कोरं होतं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, माझं वाक्य शोधत. दोन एप्रिलचं, नाहीतर निदान बरोबर नसल्याचं. मशीन एक शब्द गाळत नाही, हे मीच सगळ्यांना सांगत आलो होतो. त्या चाळीस सेकंदांत मी ते मनातल्या मनात म्हटलं असेल. त्याचीही मला आता खात्री देता येत नाही.

बाई रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होत्या. सात वर्षं हा कागद त्यांच्या ड्रॉवरमध्ये होता. मी त्यांच्यादेखत ही गोष्ट सांगितली होती, एकदा नाही, तीन-चार वेळा तरी. त्या प्रत्येक वेळी ऐकत उभ्या होत्या आणि शेवटी चहा आणायला गेल्या होत्या.

"बाई," मी म्हणालो.

"बोला, सर."

"त्या वर्षाची फाईल काढता का?"

त्यांनी काढून दिली. मी तिसरं पान शोधलं, वकीलसाहेबांची सही असलेलं, आणि त्यामागे चौथं ठेवून कडा जुळवल्या. भोकं पाडायला पंचिंग मशीन मागायचं म्हणून मान वर केली, तर बाईंनी ते आधीच टेबलावर काढून ठेवलं होतं.